रोव्हर्स घरीच राहिला, ड्युरँड घराबाहेर पडला

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडची डोंगररांग आहे. तेथे ठाकूरदेवाचे ठाणे असून दरवर्षी जानेवारीच्या आरंभी भोवतालच्या गावांतील माडिया गोंड यात्रेला जमतात; छत्तीसगडच्या बाजूनेही माणसे येतात. याच डोंगरात लोहखनिजाचे साठे आहेत. २००७ साली त्यातील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्र खाणीसाठी भाडेपट्ट्याने देण्यात आले आणि २०१६ पासून उत्खनन सुरू झाले. खाणीला विरोध करणाऱ्या ग्रामसभांचे म्हणणे थोडक्यात असे, की देव डोंगरावर बसलेला नाही, डोंगर हाच देव आहे. यात्रा दुसरीकडे भरवता येईल का, हा प्रश्नच मग तेथे संभवत नाही.

माणसांनी मांडलेल्या उत्सवांची गोष्ट वेगळी. खेळाच्या जुन्या स्पर्धा हे असेच उत्सव. त्यांनाही ठरलेली जागा असते, ठरलेला हंगाम असतो, जुने मानपान असतात. आणि कधी ना कधी त्यांना विचारले जाते : घर सोडणार का? देशाची वेस ओलांडणार का?

सध्या हा प्रश्न जगातील सर्वांत जुन्या गोल्फ अजिंक्यपदापुढे आहे. 'द ओपन' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा आजवर युनायटेड किंगडमच्या बाहेर कधीही झालेली नाही. तिचे व्यवस्थापन पाहणारी 'आर अँड ए' ही संस्था अलीकडच्या काळात आयर्लंड प्रजासत्ताकातील, डब्लिनजवळच्या पोर्टमार्नॉक मैदानाची चाचपणी करीत आहे. परंपरेचे अभिमानी नाराज आहेत. त्यांची नाराजी समजण्याजोगी असली, तरी या स्पर्धेचा इतिहास त्यांच्या बाजूने फारसा उभा राहत नाही.

१७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे आठ व्यावसायिक खेळाडू जमले. बारा होलच्या मैदानावर एकाच दिवसात तीन फेऱ्या झाल्या. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. बक्षीस म्हणजे तांबड्या मोरोक्को चामड्याचा, चांदीने मढवलेला एक पट्टा. रोख रक्कम शून्य. दुसऱ्या वर्षी आयोजकांनी ही स्पर्धा साऱ्या जगाला खुली असल्याचे जाहीर केले. 'ओपन' हे नाव तेव्हापासूनचे. त्यात देशाचा उल्लेख नाही. 'ब्रिटिश ओपन' म्हणतात ते समुद्रापलीकडचे लोक.

त्या पट्ट्याला एक अट जोडलेली होती : लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्याने तो कायमचा घरी न्यावा. अट घालणाऱ्यांना असे कोणी जिंकेल असे बहुधा वाटले नसावे. पण टॉम मॉरिसचा मुलगा, धाकटा टॉम, याने १८६८, १८६९ आणि १८७० अशी तीन वर्षे ओळीने जिंकून पट्टा नेला. बक्षीसच उरले नाही, म्हणून १८७१ साली स्पर्धाही झाली नाही.

ओपनच्या चरित्रात या एका रिकाम्या वर्षाचे मोल मोठे आहे. नवा करंडक घडवायचा तर पैसा हवा, आणि प्रेस्टविकला तो भार एकट्याने उचलायचा नव्हता. अखेर प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि मसलबर्ग येथे खेळणारा एडिंबरोचा क्लब अशा तिघांनी प्रत्येकी दहा पौंड घातले आणि स्पर्धा आळीपाळीने तिन्ही ठिकाणी भरवायचे ठरवले. आज जगभर पूजल्या जाणाऱ्या त्या चांदीच्या सुरईचा जन्म या वर्गणीतून झाला. ज्या क्षणी वर्गणी तिघांची झाली, त्या क्षणी घरही तिघांचे झाले. १८९४ मध्ये ओपन प्रथमच स्कॉटलंड सोडून इंग्लंडमधील सँडविच येथे गेली. १९५१ मध्ये ती समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडमधील पोर्टरशला पोहोचली. आणि जिथे सारे सुरू झाले ते प्रेस्टविक? १९२५ साली तेथे गर्दी आवरणे अशक्य झाले. त्यानंतर ओपन तेथे परतली नाही.

पोर्टमार्नॉकचा गोल्फ क्लब स्थापन झाला तोही १८९४ मध्ये. त्या वेळी संपूर्ण आयर्लंड ब्रिटिश राजसत्तेखाली होते. म्हणजे त्या वर्षी कोणी ओपन डब्लिनजवळ भरवली असती तर ती 'परदेशी' गेली असे कोणी म्हटले नसते. १९२२ नंतर सीमा बदलली. मैदान जागच्या जागी राहिले, त्याच्याखालचा देश बदलला. त्यातही गंमत अशी, की आयर्लंडचे राजकारण दुभंगले तरी तेथील गोल्फ दुभंगले नाही. १८९१ साली स्थापन झालेला गोल्फ संघ फाळणीनंतरही संपूर्ण बेटाचा कारभार पाहत राहिला. आर अँड एचीच दुसरी जुनी स्पर्धा, हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा, १९४९ मध्ये पोर्टमार्नॉकवर होऊनही गेली आहे. देशाची सीमा आणि खेळाची सीमा एकच असते, हे गृहीतक आयर्लंडमध्ये तरी टिकत नाही.

भारतातही ते टिकलेले नाही. त्यासाठी गोल्फचे मैदान सोडून फुटबॉलकडे वळावे लागते. कारण आपल्याकडे याच प्रश्नाची दोन उलट उत्तरे दोन जुन्या फुटबॉल स्पर्धांनी दिली आहेत. एक मुंबईची, एक सिमल्याची.

१८९१ साली, म्हणजे आयर्लंडचा गोल्फ संघ स्थापन झाला त्याच वर्षी, मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. 'बॉम्बे रोव्हर्स' या क्लबावरून त्याला नाव मिळाले. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. पुढची अनेक दशके चषकावर गोऱ्या पलटणींचीच नावे कोरली जात होती. १९२३ साली मोहन बागानला बोलावणे आले. तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. भारतीय संघाने रोव्हर्स जिंकण्याची ती पहिली वेळ, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकून योगायोगाचा आरोप खोडून काढला.

स्वातंत्र्यानंतर कूपरेजचे मैदान हे रोव्हर्सचे माहेरघर झाले. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाची चर्चा होते तेव्हा १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आठवली जातात. ती दोन्ही पदके मिळवणाऱ्या संघांचे प्रशिक्षक हेच रहीम होते. त्यांच्या पोलीस संघाची जरब देशाला दिसली ती कूपरेजवर. कोलकात्याचे संघ येत, गोव्याचे धेंपो आणि साळगावकर येत, आणि घरचे म्हणून टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र असे कंपन्यांचे संघ असत. प्रेक्षकांत दिलीपकुमारांसारखे फुटबॉलवेडे नट दिसत. गिरणी, बंदर, बँक आणि चित्रपट ही त्या काळच्या मुंबईची चारही अंगे एका लाकडी गॅलरीत मावत होती.

मग हे सारे थांबले. रोव्हर्स कोणी रद्द केला नाही, त्यावर बंदी आली नाही, तो कुठे हलवलाही गेला नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. मोठ्या संघांचे वर्ष लीगच्या वेळापत्रकाने बांधले गेले आणि निमंत्रणावर चालणाऱ्या जुन्या स्पर्धांसाठी त्यांच्याकडे दिवस उरेनात. २०००-०१ च्या हंगामात मोहन बागानने रोव्हर्स जिंकला. पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २००१ आणि २००८ मध्ये ड्युरँड चषक जिंकून आला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या शहरातील, ड्युरँडहून अवघ्या तीन वर्षांनी धाकटी असलेली स्पर्धा काळाआड गेलेली होती. २०१० मध्ये तो संघही बंद झाला.

मुंबईचीच आणखी एक जुनी स्पर्धा, क्रिकेटचे चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामने, १९४६ मध्ये संपली. पण ती संपण्याचे कारण वेगळे होते. धर्मावर संघ पाडणारी स्पर्धा त्या काळात चालू ठेवणे योग्य नाही, असे म्हणणारे तेव्हा मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. रोव्हर्सच्या बाबतीत असा कोणताही तात्त्विक वाद झाला नाही. स्पर्धा केवळ विसरली गेली.

ती बाहेर पडली असती तर? हा प्रश्न इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही, तरी विचारण्याजोगा आहे. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर स्थानिक तालमींच्या सामन्यांनाही हजारोंची गर्दी होते. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढतीच्या दिवशी पेठा ओस पडतात. गोव्यात तर फुटबॉल हा घराघरातला विषय. रोव्हर्स या दोहोंपैकी कुठेही गेला असता तरी त्याच्या नावाला धक्का लागण्याचे कारण नव्हते. 'रोव्हर' या शब्दाचा अर्थच भटक्या. नावाने भटकी असलेली स्पर्धा एकाच शहरात शंभराहून अधिक वर्षे राहिली आणि तेथेच विझली.

ड्युरँडची कथा याच्या अगदी उलट आहे. १८८८ मध्ये हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव हेन्री मॉर्टिमर ड्युरँड यांनी सिमल्यात या स्पर्धेचा पाया घातला. पाच वर्षांनी अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर ज्यांच्या नावाची रेषा ओढली गेली, ते हेच. डोंगरातील हवेत विश्रांतीला आलेल्या पलटणींना खेळात गुंतवावे, हा त्यामागचा उद्देश. पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्यूझिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ ने हरवले. हरलेल्या संघाने पुढे १८९३, १८९४ आणि १८९५ असा तीनदा ओळीने चषक जिंकला आणि प्रेस्टविकसारख्याच नियमाने तो कायमचा नेला. ड्युरँडसाहेबांनी दुसरा चषक दिला. तो ब्लॅक वॉच पलटणीने १८९७ ते १८९९ मध्ये तसाच पटकावला. ओपनवर ही वेळ आली तेव्हा स्पर्धा एक वर्ष थांबली. येथे ती चालू राहिली, कारण तिच्यामागे क्लबाची वर्गणी नव्हती, सैन्य होते.

१९०४ साली सिमल्याच्या रहिवाशांनी स्पर्धेला आणखी एक करंडक भेट दिला. तो आजही 'सिमला ट्रॉफी' म्हणून दिला जातो. स्पर्धा मात्र १९४० मध्ये सिमला सोडून दिल्लीला आली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवले. ड्युरँड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. सिमल्यातील बावन्न वर्षांत जे घडले नव्हते, ते घर बदलल्याबरोबर घडले. यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. त्याच वर्षी मोहमेडनने रोव्हर्सही जिंकला होता, आणि रोव्हर्सने घर बदललेले नव्हते. संघच तेवढा बलवान होता.

त्यानंतर महायुद्ध आले आणि मागोमाग फाळणी. सैन्याची वाटणी झाली तशी सैन्याच्या मालमत्तेचीही झाली : रणगाडे, घोडे, बँडची वाद्ये, मेसमधील चांदीची भांडी. ड्युरँडचा चषकही या वाटणीत पाकिस्तानात जाण्याच्या बेतात होता. फील्ड मार्शल ऑकिनलेक यांनी तो ताब्यात घेऊन संरक्षण सचिव एच. एम. पटेल यांच्या स्वाधीन केला आणि पटेलांनी तो बँकेत सुरक्षित ठेवला, अशी हकिकत ड्युरँडच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. आयर्लंडची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. रावळपिंडी, पेशावर, क्वेट्टा या छावण्या हिंदुस्थानी सैन्याच्या नकाशावर अंबाला, पुणे किंवा महू यांच्याच पंक्तीला होत्या. एका ऑगस्टमध्ये त्या परदेशात गेल्या. त्यांच्यापैकी एकही छावणी जागची हलली नव्हती.

१९५० मध्ये ड्युरँड पुन्हा सुरू झाला आणि दिल्लीत रुळला. १९५६ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपती चषक दिला. तेव्हापासून विजेत्याच्या हाती तीन करंडक येऊ लागले. दिल्ली दरवाजाजवळचे आंबेडकर स्टेडियम हे पुढच्या काळात ड्युरँडचे घर बनले. तेथेही नंतर तेच घडू लागले जे कूपरेजवर घडले होते. लीगचे ओझे वाढले, मोठे संघ दुय्यम खेळाडू पाठवू लागले, गॅलऱ्या रिकाम्या राहू लागल्या.

सैन्याने मग स्पर्धा उचलली. २०१४ मध्ये ती गोव्यात झाली. मडगावच्या फातोर्डा मैदानावर साळगावकरने पुणे एफसीला १-० ने हरवले. २०१९ पासून मुक्काम कोलकात्याला हलला. २०२२ मध्ये इंफाळ आणि गुवाहाटी येथेही सामने झाले, २०२३ मध्ये आसाममधील कोक्राझार आले, २०२४ मध्ये जमशेदपूर आणि शिलाँग. २०२३ मध्ये बांगलादेश आणि नेपाळचे लष्करी संघ खेळायला आले, २०२५ मध्ये मलेशियाचा आला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडने डायमंड हार्बरचा ६-१ असा धुव्वा उडवून सलग दुसऱ्यांदा ड्युरँड जिंकला. सिमल्याच्या साहेबांनी दिलेली ट्रॉफी अशा रीतीने गुवाहाटीच्या संघाकडे गेली.

कोक्राझार हे नाव गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाने थोडे थांबून वाचावे. तोही जंगलाचा, आदिवासी वस्तीचा जिल्हा. सशस्त्र संघर्षाची अनेक दशके त्यानेही पाहिली. ड्युरँड तेथे गेल्यावर मैदाने भरली. पण स्पर्धा तेथे कोणी नेली हेही विसरू नये. सीमाभागात आणि अशांत टापूत सैन्य फुटबॉल घेऊन जाते तेव्हा त्यात केवळ खेळाचे प्रेम नसते. राज्यसंस्थेचे अस्तित्व दाखवण्याचा हेतूही असतो. १८८८ मध्ये तो होता, आजही आहे. ड्युरँडच्या दीर्घायुष्याची ही किंमत म्हणावी लागेल. मुंबईच्या रोव्हर्समागे असे कोणी नव्हते. त्याच्यामागे एक संघटना, काही कंपन्या आणि एक शहर होते, आणि शहराचे लक्ष दुसरीकडे वळले.

स्थलांतराच्या बाजूने बोलताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो. ड्युरँड वाचला, पण दिल्लीचे काय? आंबेडकर स्टेडियमच्या पायऱ्यांवर बापाचे बोट धरून आलेल्या मुलाला पुढे काय मिळाले? ओपन जगभर गाजते, पण प्रेस्टविकला तिच्या उगमाची खूण म्हणून पहिल्या टीच्या जागी रचलेला एक दगडी स्तंभ तेवढा उरला आहे. स्पर्धा हलते तेव्हा ती जिथून हलते तेथील माणसांना त्याचा मोबदला मिळत नाही. परंपरेचे अभिमानी बहुधा हेच सांगू पाहत असतात; फक्त ते देश, ध्वज आणि मान यांच्या भाषेत सांगतात, म्हणून ते हट्टासारखे ऐकू येते.

पोर्टमार्नॉकचा विचार करणाऱ्यांपुढे म्हणून खरा प्रश्न सीमेचा नाही. ओपनच्या फेऱ्यात आधीच अनेक मैदाने आहेत. त्यात एकाची भर पडली तर प्रत्येकाची पाळी आणखी एका वर्षाने लांबेल. सेंट अँड्र्यूजसारख्या ठिकाणाला ते सोसवेल. ज्या छोट्या किनारी गावात ओपन दहा-बारा वर्षांतून एकदा येते आणि तेवढ्यावर हॉटेले, खानावळी आणि पोरांची उन्हाळ्यातील कामे चालतात, तेथे हे एक वर्ष जाणवेल. १८७२ मध्ये प्रेस्टविकने वीस पौंड वाचवण्यासाठी जे दिले, त्याचा हिशेब प्रेस्टविकला त्रेपन्न वर्षांनी कळला.

रोव्हर्स चषकाला विचारायला मात्र आता घरच उरलेले नाही. कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आली आहे, सामने होतात, मुले सराव करतात. १८९१ ची स्पर्धा याच शहराची होती हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? सूरजागडला दर जानेवारीत यात्रेकरू पायी येतात. आता वाटेत त्यांना खनिजाने भरलेले ट्रक भेटतात.